माझ्या तोंडी घातलेले वाक्य

आधी दिवस, मग माणसे, मग अपमान. साक्षीचा हा क्रम मी हयातभर पाळला. आजही मोडणार नाही.

गणपती विसर्जनानंतरचा पहिला शनिवार. स्थळ: विरार पूर्वेला, चंदनसारमधील एका खासगी प्रशिक्षण संस्थेतील काचेची खोली. जबाबदार: प्रशिक्षिका ऋता मॅडम.

त्याच्या पुढचा शनिवार. स्थळ: त्याच संस्थेचा वर्ग. जबाबदार: विद्यार्थी अनिकेत, त्याचा गट, आणि पुन्हा ऋता मॅडम.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशीची दुपार. स्थळ: संचालकांचे दालन. जबाबदार: संचालक. सर्वांत अधिक तेच.

संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही. मी आधी उत्तर मागतो आहे.

पहिला शनिवार असा. काचेच्या खोलीत एक टेबल, टेबलावर टॅब, आणि माझ्या तोंडावर रोखलेला कॅमेरा. पलीकडच्या खोलीत सारा वर्ग बसलेला. तिथल्या मोठ्या पडद्यावर त्यांना माझा चेहरा दिसणार होता आणि टॅबवर फिरणारे माझे बोटही. एका रुग्णालयासाठी अ‍ॅप तयार होत होते. त्याची ही चाचणी. ऋता मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काका, घाबरायचं नाही. परीक्षा तुमची नाही, अ‍ॅपची आहे. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं. डॉक्टरांची वेळ घ्यायची, बस."

मी घाबरलो नव्हतो. तरीही मान हलवली.

मी नाव टाकले. वय टाकले. आजार निवडला. मग एक चौकोन आला. शेजारी लिहिले होते: 'मी अटी व शर्तींशी सहमत आहे.' त्यातील 'अटी व शर्ती' हे शब्द निळे होते, खाली रेघ होती. म्हणजे तिथे बोट ठेवले की अटी उघडणार. मी बोट ठेवले. काही झाले नाही. पुन्हा ठेवले. काही झाले नाही. बोट कोरडे असेल म्हणून रुमालाला पुसले, चष्मा वर केला आणि पुन्हा दाबले.

मोठ्याने बोलायला सांगितले होते. मी बोललो. शब्दशः लिहितो: "या अटी उघडत नाहीत. वाचल्याशिवाय मी संमती देणार नाही. इथे नाही म्हणायला जागा कुठे आहे?"

तेवढ्यात छतावरच्या स्पीकरमधून वर्ग ऐकू आला. पलीकडच्या खोलीतील माइक कोणीतरी चालू ठेवला होता.

"अरे, काका टर्म्स वाचतायत!"

"कोण वाचतं यार?"

"बोट बघ ना. डास मारतायत जसे."

"टिक करा हो काका, तोवर पेशंट जाईल वर!"

हशा. बाकावर हात आपटल्याचे आवाज. मग ऋता मॅडमचा आवाज, त्याही हसत होत्या: "श्श. ऐकू जाईल त्यांना."

मग खट्. माइक बंद.

मी कॅमेऱ्याकडे पाहत राहिलो. त्या क्षणी त्या सर्वांना माझा चेहरा पडद्यावर माझ्या अंगाएवढा मोठा दिसत असणार, हे मला ठाऊक होते. म्हणून मी तो हलू दिला नाही.

मॅडम आत आल्या. "छान केलंत काका. खूप इनसाइट मिळाली."

"त्या अटी उघडत का नाहीत?" मी विचारले.

"अहो, हा नुसता नमुना आहे. अटी लिहिल्याच नाहीयेत अजून. एकाच मार्गाची बटणं चालतात यात."

"हे मला आधी सांगायला हवे होते."

"सांगितलं तर टेस्ट कशी होणार?" असे म्हणून त्यांनी मला बाहेर नेले. दारात अनिकेत उभा होता. त्याने हात जोडले. "काका, तुम्ही लिजंड आहात."

मीही कसनुसा हसलो. ते हसू माझे नव्हते.

मी कोण, हे सांगणे आता भाग आहे. मी न्यायालयात टंकलेखक होतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोले, न्यायाधीश सांगत, मी टंकत असे. जबाब संपला की तो साक्षीदाराला वाचून दाखवायचा, त्याला समजेल अशा भाषेत. विचारायचे: बरोबर आहे का? तो म्हणाला, 'मी असं बोललो नाही', की दुरुस्ती. मगच सही. मगच अंगठा. चांदीपकडची कोणी म्हातारी असो की निर्मळचा केळीवाला बागायतदार, जबाब दोघांनाही वाचून दाखवला जाई. बाहेर पुढचे पक्षकार ताटकळत असले तरी. व्यवस्थेतल्या फार थोड्या गोष्टींवर माझा विश्वास होता. या एका रिवाजावर होता.

निवृत्त झाल्यावर लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येऊ लागले. पाणी, वारस, निवृत्तिवेतन, शेजाऱ्याची भिंत. मी लिहीत असे आणि माझी पत्रे वाया जात नसत. मग एकेक करून सारे अर्ज पोर्टलवर गेले. आमच्याच इमारतीतील एक विधवा बाई तिच्या फॉर्मसाठी माझ्याकडे बसली होती. पडद्यावर सूचना आली: पतीच्या मोबाइलवर आलेला क्रमांक टाका. पती मेला म्हणूनच ती अर्ज करीत होती. तिने माझ्याकडे पाहिले, मी पडद्याकडे पाहिले. ज्याच्याविरुद्ध तक्रार करावी असा माणूसच तिथे नव्हता. हे कोण बनवतो? कुठे बसतो? कोणाला विचारून बनवतो? मला त्याला गाठायचे होते.

म्हणून चंदनसारच्या नाक्यावर त्या संस्थेचा फलक दिसला तेव्हा मी थांबलो. 'विविध पार्श्वभूमीच्या लोकांसाठी वापरकर्ता-अनुभव रचनेचे मोफत प्रशिक्षण. वयाची अट नाही.' यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये जे काही घडते, ते माणसाच्या बाजूने कसे घडवावे याचे शास्त्र, असा त्याचा अर्थ मला आत सांगण्यात आला. मी त्याच दिवशी नाव नोंदवले.

पहिल्या तासाला ऋता मॅडमनी फळ्यावर लिहिले: 'तुम्ही म्हणजे वापरणारा नव्हे.' स्वतःवरून दुसऱ्याला मोजू नका. त्याच्या घरी जा, त्याच्या शेजारी बसा, तो काय करतो ते पाहा. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. मला हे फार आवडले. कोणत्याही न्यायाधीशाने हे फळ्यावर लिहावे असे हे वाक्य होते. मी आजही म्हणतो, शास्त्र चांगले आहे. माझे भांडण शास्त्राशी नाही. ते कोणाच्या हाती दिले जाते आणि कोणावर चालवले जाते, याच्याशी आहे.

वर्गात दोन प्रकारची माणसे होती. पैसे भरून आलेली तरुण मुले पुढे, लॅपटॉपसह. आम्ही मोफत जागांवरचे मागे. आमच्या जागांचा खर्च एका कंपनीच्या सामाजिक निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, होत असे. त्यावरून आमच्या बाकाला नाव पडले: 'सीएसआर बाक'. मी एकदा चुकून दुसऱ्या रांगेत बसलो, तर एका मुलीने अगदी सभ्यपणे विचारले, "काका, तुम्ही सीएसआरमधले ना? मग मागे."

मागच्या बाकावर माझ्या एका बाजूला एक रिक्षाचालक, दुसऱ्या बाजूला अंगणवाडीत मदतनीस असलेली एक बाई. तिचे नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

प्रत्येक सरावात तीन भूमिका असत. एक प्रश्न विचारणारा, एक टिपून घेणारा, एक वापरणारा. प्रश्न पुढची रांग विचारी. टिपणे पुढची रांग घेई. वापरणारे मागच्या बाकावरून उचलले जात. आठवडे गेले. शेवटी मी हात वर केला.

"मॅडम, आम्ही प्रश्न कधी विचारायचे?"

"काका, तुम्ही तर आमचे खरे यूजर! तुमच्याशिवाय आमचं काय होणार?" वर्गाने टाळ्या वाजवल्या.

रिक्षाचालक माझ्या कानाशी पुटपुटला, "काका, अपुन पॅसेंजर. मीटर त्यांच्याकडे."

तरीही मी राहिलो. शिकायचे होते.

माझ्यानंतर त्याच शनिवारी त्या बाईला काचेच्या खोलीत बसवले. मी आता पलीकडच्या खोलीत होतो, पडद्यासमोर. तिने पदर सावरला, टॅबला नकळत नमस्कार केल्यासारखी मान लववली आणि नाव, वय, आजार भराभर भरला. अटींचा चौकोन आला. क्षणभरही न थांबता तिने खूण केली आणि पुढे गेली. वेळ मिळाल्याचे हिरवे पान आले.

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. "एकदम स्मूथ!" अनिकेत ओरडला. ऋता मॅडम म्हणाल्या, "बघा, हा आदर्श प्रवास. कुठेही अडथळा नाही."

नंतर जिन्यात मी तिला विचारले, "त्या अटींत काय असेल असे वाटले तुम्हाला?"

"कोनास ठाऊक, दादा."

"मग खूण का केलीत?"

ती हसली. माझी कीव करावी तशी हसली. "आमच्या कामाच्या फोनवर रोज तसाच चौकोन येतो. वाचाया बसलं की मॅडम म्हनतात, बाई, कामाला लागा. न वाचता दाबलं की कोन रागवत नाय."

तिच्या निमूटपणाला तिथे टाळ्या मिळाल्या होत्या. माझ्या नकारावर तिथे हशा पिकला होता. दोन्ही एकाच खोलीत, एकाच दिवशी, आणि या दोन्हींना शिक्षण म्हटले जात होते.

मला माझी शाळा आठवली. आठवायची नव्हती.

खाडीकाठच्या मिठागरावर आमची झोपडी होती. बाप मिठागरावर मजूर. शाळेत आरोग्याचा कार्यक्रम होता, तालुक्याचे साहेब येणार होते. आई सकाळीच म्हणाली, "बाबा, आज अंगोल करून जा. सायेब येनार हाय." गोडे पाणी आमच्या वाट्याला येत नसे. जे होते ते पिण्यापुरते. मी खाडीत अंघोळ केली, मनापासून, खसाखसा. शाळेपर्यंत चालेतो अंग वाळले आणि मीठ वर आले. पायांवर, मानेवर, कानांमागे पांढरे पट्टे.

गुरुजींनी मला हाक मारली आणि टेबलावर उभे केले. हातात लाकडी पट्टी होती. पट्टीने त्यांनी माझी मान दाखवली, कान दाखवले, पाय दाखवले. साहेबांकडे वळून म्हणाले, "असे राहू नये." मग वर्गाकडे वळले. "काय, मुलांनो?"

वर्ग एका सुरात म्हणाला, "असे राहू नये."

तू आज अंघोळ केलीस का, हे मला कोणीही विचारले नाही. मीही सांगितले नाही. मी टेबलावर उभा राहिलो. उतर म्हणाले तेव्हा उतरलो. घरी आईने विचारले, "सायेब काय म्हनले?" मी सांगितले, "चांगलं म्हनले."

पुढे मी टंकलेखन शिकलो, राखीव जागेवर नोकरीला लागलो. सहकारी 'कोट्यातले' म्हणत, तेही ऐकले. पण ज्या दिवशी प्रथमच एका साक्षीदाराला त्याचा जबाब वाचून दाखवला आणि तो म्हणाला, "नाही, मी असं नाही बोललो", आणि न्यायाधीशांनी मला ओळ बदलायला लावली, त्या दिवशी मला कळले की आपल्याबद्दल लिहिलेली ओळ बदलायला लावता येते. कायद्यावरचे माझे प्रेम तेव्हापासूनचे.

आता दुसरा शनिवार.

त्या दिवशी वर्गाच्या भिंतीवर प्रत्येक गटाने आपापला 'पर्सोना' लावला होता. पर्सोना म्हणजे वापरणाऱ्याचे कल्पित चित्र: एक चेहरा, एक नाव, त्याच्या गरजा, त्याची भीती, आणि मोठ्या अक्षरांत त्याच्या तोंडचे एखादे वाक्य. खऱ्या लोकांशी बोलून, पाहून ते तयार करायचे असते. रचना करणाऱ्याने काम करताना त्या चित्राकडे पाहायचे असते. अनिकेतच्या गटाच्या कागदासमोर गर्दी होती. मला पाहून गर्दी बाजूला झाली. का बाजूला झाली ते पुढच्या क्षणी कळले.

चेहरा माझा होता. काचेच्या खोलीतला. रुमालाने बोट पुसताना, चष्मा कपाळावर, तोंड अर्धे उघडे.

नाव, त्यांनीच ठेवलेले: शांतारामकाका. पार्श्वभूमी: ग्रामीण, अल्पशिक्षित. भीती: कीबोर्ड. अडचण: अटींच्या ओळीपाशी गोंधळतात, चुकीच्या जागी पुन्हापुन्हा दाबतात. आणि खाली, अवतरणचिन्हांत, केशरी अक्षरांत: "मला यातलं काही कळत नाही. मुलाला विचारून सांगतो."

मला मुलगा नाही.

अनिकेत कागदापुढे उभा राहून सादरीकरण करू लागला. इंग्रजी आणि मराठी मिसळून. म्हणाला, "शांतारामकाकांसारख्या लोकांसाठी आम्ही अटींची पायरीच काढून टाकलीय. खूण आधीच केलेली असेल. म्हणजे ते अडकणारच नाहीत." ऋता मॅडम म्हणाल्या, "ब्रिलियंट. दिस इज एम्पथी." सहानुभूती. हाच शब्द त्यांनी वापरला.

मी गर्दीतून पुढे गेलो.

"वाचून दाखवा," मी म्हणालो.

"काय, काका?"

"हा माझा जबाब आहे. वर माझा चेहरा आहे. मला वाचून दाखवा. सगळ्यांसमोर. एकेक ओळ."

कोणीतरी खुदकन हसले. ऋता मॅडम पुढे आल्या. त्यांचा आवाज मऊ होता, आजारी माणसाशी बोलताना होतो तसा. "काका, यूजरला पर्सोना दाखवायचा नसतो. तो टीमसाठी असतो."

"मी यूजर नाही. मी या वर्गाचा विद्यार्थी आहे."

"हो, म्हणजे, अर्थातच. पण या प्रोजेक्टपुरते तुम्ही..."

"वाचा."

अनिकेतने मॅडमकडे पाहिले. मग त्याने वाचायला सुरुवात केली, खालच्या आवाजात, भराभर. 'अल्पशिक्षित' हा शब्द त्याने गिळला. मी म्हणालो, "पुन्हा. ऐकू आले नाही." त्याने पुन्हा वाचला. कीबोर्डच्या भीतीची ओळ आली तेव्हा मी त्याला सांगितले की माझे पोटच कीबोर्डवर चालले. मग केशरी वाक्य आले.

"हे कोण बोलले?" मी विचारले.

"तसं कोणी एकच नाही, काका. वेगवेगळ्या इंटरव्ह्यूंमधून आम्ही कंबाइन केलं."

"माझ्या तोंडाखाली लिहिले आहे. मी बोललो का?"

"एक्झॅक्टली असं नाही..."

"मी काय बोललो ते रेकॉर्ड झाले आहे. लावा ते."

"त्याची आता गरज नाही," ऋता मॅडम म्हणाल्या. आवाजातला मऊपणा गेला होता. "काका, तुम्ही क्लासचा वेळ घेताय. ह्या मुलांनी पैसे भरलेत."

आले. मला वाटलेच होते, पैशाचे ते वाक्य कधीतरी येणार.

मी हात वर करून तो कागद भिंतीवरून काढला. फाडला नाही. पुरावा कोणी फाडत नाही. त्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"काका, ते ग्रुपचं काम आहे!" अनिकेत ओरडला.

"तोंड माझे आहे."

"अहो, सॉफ्ट कॉपी आहे आमच्याकडे. काढून काय उपयोग?" मागून कोणीतरी म्हणाले आणि पुन्हा हशा झाला. या वेळी मी हसलो नाही. मी म्हणालो, "मी असे बोललो नाही. दुरुस्ती होईपर्यंत मी बसणार नाही." आणि उभा राहिलो. तास संपेपर्यंत उभा राहिलो. त्यांनी माझ्याभोवतीने पुढच्या गटाचे सादरीकरण घेतले.

त्याच दिवशी घरी जाऊन मी संचालकांना पत्र लिहिले. कोणत्या दिवशी काय घडले, माझे खरे शब्द कोणते, मागणी कोणती. पोचपावतीसह पाठवले. माहितीच्या अधिकाराचा अर्ज खासगी संस्थेला लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून साधे, सभ्य, नागरिकाचे पत्र. उत्तर म्हणून संस्थेच्या क्रमांकावरून मोबाइलवर एक चित्र आले. वर केलेला अंगठा. मग दुसऱ्या पत्रानंतर दालनात बोलावणे आले.

संचालक माझ्यापेक्षा बरेच तरुण. चहा मागवला. स्वतः उठून खुर्ची दिली.

"काका, मनाला लावून घेऊ नका. पोरं आहेत."

"पोरांना शिकवणारे कोण आहेत?"

ते हसले. "बरं, तुम्हाला काय हवंय? आपण सर्टिफिकेट तुम्हाला स्टेजवर बोलावून देऊ. ज्येष्ठ विद्यार्थी म्हणून सत्कार करू. फोटो पेपरला देऊ."

"मला दुरुस्ती हवी आहे. आणि तो कागद कुठेकुठे गेला ते हवे आहे."

तेव्हा कळले. तो रुग्णालयाच्या लोकांकडे गेला होता. शिवाय पुढच्या प्रत्येक तुकडीला शिकवण्यासाठी उत्तम नमुना म्हणून निवडला गेला होता. वर्षानुवर्षे नवी मुले माझ्या चेहऱ्याकडे पाहून शिकणार होती की अडाणी माणूस कसा असतो.

संचालकांनी हात उंचावले. "ठीक आहे, ठीक आहे. तुमचा फोटो आजच काढतो. एआयने दुसरा चेहरा बनवून लावतो. कुणाचाच नसलेला. झालं समाधान?"

"आणि वाक्य?"

"वाक्याचं काय?"

"ते कोणाच्या तोंडी राहणार?"

"कोणाच्याच नाही हो. काल्पनिक माणूस."

मी चहाचा कप बशीसकट मागे सरकवला. त्या क्षणापर्यंत मला माझा चेहरा सोडवायचा होता. त्या क्षणी कळले, मागणी अपुरी आहे. माझा चेहरा निघेल. गोंधळलेला म्हातारा राहील. त्याच्यासाठी आधीच केलेली खूणही राहील. त्या रुग्णालयात कोणी माझ्यासारखा, कोणी त्या अंगणवाडीच्या बाईसारखी, आपण काय मान्य केले हे न कळता मान्य करून बसेल, आणि अमुक तारखेला तुम्हीच संमती दिली होती, असे तिला दाखवले जाईल. तिथे तिला वाचून दाखवणारे कोणी नसेल.

मी म्हणालो, "मी 'नाही' म्हणालो होतो. तुमच्या विद्यार्थ्यांनी ते 'कळत नाही' असे नोंदवले. याला चूक म्हणत नाहीत. खोटी साक्ष म्हणतात."

संचालकांचा चेहरा बदलला. "काका, आता तुम्ही जरा जास्तच करताय. फुकट शिकवतोय तुम्हाला. कोण शिकवतं या वयात?"

मी उठलो. नमस्कार केला नाही.

खाली फाटकाशी ती बाई भेटली. तिलाही बोलावले होते, माझ्यानंतर. मी तिला सांगितले की मी पुढे लिहिणार आहे, तिची हकिगतही लिहू का. तिने आजूबाजूला पाहिले. "माजं नाव नका घालू, दादा. मला त्याच फोनवर काम करायचंय. वरच्या मॅडमना कळलं तर?" मग थोडे थांबून म्हणाली, "पन मी आता चौकोन दाबताना थांबते. दाबतेच. पन थांबते." त्यानंतर ती वर्गाला आली नाही. दालनात तिला काय सांगितले गेले, ते तिने मला सांगितले नाही. माझे नाव हजेरीतून काढल्याचा निरोप दोन दिवसांनी मोबाइलवर आला. कारण: 'शिस्त'.

लोक म्हणतात, या वयात कशाला, रक्तदाब वाढेल. वाढू दे.

नव्या तुकडीचे उद्घाटन जाहीर झाले आहे. निधी देणाऱ्या कंपनीचे लोक येणार आहेत, रुग्णालयाचे येणार आहेत, आणि मागच्या बाकासाठी नवी माणसे येणार आहेत. कार्यक्रम सर्वांना खुला आहे असे फलकावर लिहिले आहे. मी येणार आहे. सभागृहात जागा मिळेल तिथे बसेन आणि प्रश्नांची वेळ आली की उठेन. प्रश्नांची वेळ ठेवली नसेल तरी उठेन.

संचालक महोदय, मला दालनात काही नको. खुलाशाचे पत्र नको, सत्कार नको, शाल तर मुळीच नको. त्या व्यासपीठावर, माइकसमोर, मराठीत, माझी चाचणी कोठेही न कापता पडद्यावर लावा. मी काय बोललो ते नव्या विद्यार्थ्यांना ऐकू द्या. मग तो पर्सोना लावा. दोन्ही शेजारी शेजारी. आधीच केलेली ती खूण अ‍ॅपमध्ये राहिली की काढली, हे रुग्णालयाच्या लोकांच्या तोंडावर सांगा. मागच्या बाकावरचा माणूस प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी कधी बसणार, याचा दिवस सांगा.

आणि एका प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतः द्या. ऋता मॅडमकडे बोट दाखवू नका, मुलांकडे तर नकोच. एक माणूस अटी वाचायला मागतो, अटी मिळत नाहीत म्हणून संमती नाकारतो, आणि तुमची संस्था त्याच्या नकाराखाली 'अज्ञान' असे लिहिते. हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

सर्वांसमोर सांगा. मी उभा आहे.